एकोणीस पायपुसणी

मी एक लाकडी ठसा बोलतोय, कापडावर छपाई करायचा. तळहाताएवढं माझं अंग, पाठीवर धरायला मूठ आणि तोंडावर कोरलेली एक आकृती. छपाईखान्याच्या फडताळात वरून दुसऱ्या फळीवर माझा मुक्काम असतो. बाकीचे ठसे भिंतीकडे तोंड करून ओळीनं उभे असतात. एकट्या मला मात्र तोंड वर करून आडवं ठेवलंय. असं का, हे सांगायचं म्हटलं की मला आजही लाज वाटते. लाकडाला कसली आलीय लाज, असं म्हणून हसू नका. आधी ऐकून तर घ्या.

माझं कूळ काही थोर नाही. एका दाराची चौकट करून उरलेल्या शिसवी फळीतून मला कापलं. त्याच फळीचा एक तुकडा स्टुलाचा पाय झाला, आणि दुसरा म्हणे कुणाच्या तरी डुगडुगत्या कपाटाखाली पाचर म्हणून गेला. मी तेवढा कोरणाऱ्या काकांच्या हाती लागलो.

काका म्हणजे तोंडानं कमी आणि छिन्नीनं जास्त बोलणारा माणूस. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, कानावर पेन्सिल. ठशावर आकृती उलटी कोरावी लागते, तेव्हा ती कापडावर सुलटी उमटते. त्यामुळे काकांना सगळं जग उलटं बघायची सवय लागलेली. एके दिवशी छपाईखान्याचे मालक त्यांच्याकडे आले आणि एक पातळ कागद पुढे धरला. कागदावर एक रिकामा गोल होता, भोवती पाच पाकळ्या आणि खाली बाकदार देठ.

"हुबेहूब हवं, काका. केसाचाही फरक नको."

काकांनी कागद उजेडात धरला. "ही पाचवी पाकळी अर्धीच आहे. पुरी करून टाकू का?"

"छे छे! त्यातच तर गंमत आहे. तिला हात लावू नका."

काकांनी खांदे उडवले आणि कामाला लागले. तीन दिवस माझं अंग सोलून निघत होतं, पण खरं सांगतो, मला मजा वाटत होती. अर्ध्या पाकळीचा तुटका काठ काकांनी एवढ्या निगुतीनं कोरला की मी स्वतःवरच खूश झालो. चार पुऱ्या पाकळ्या तर कुणालाही असतात. अर्धी माझ्याकडेच होती!

हा कागद मालकांनी आणला कुठून, हे तेव्हा मी विचारलं नाही. कुणीच विचारलं नाही. मला ते पुढं कळत गेलं, पण तुम्हाला आधीच सांगून टाकतो.

एका मोठ्या हॉटेलानं छपाईखान्याकडे तीनशे पायपुसणी मागितली होती, खोल्यांच्या न्हाणीघराबाहेर टाकायला. त्यावर त्यांना हवी होती वेलीची नक्षी. वेलीचा तो ठसा मालकांच्या वडिलांनी स्वतःच्या हातानं कोरलेला, म्हणून मालकांनी तो काचेच्या झाकणाच्या पेटीत ठेवलाय. मालक फोनवरच ताडकन म्हणाले, "माझ्या बापाच्या हातचं काम मी लोकांच्या पायाखाली घालणार नाही. दुसरं काहीतरी देतो." आणि ते दुसरं काहीतरी शोधायला लागले.

ते सापडलं धुणाऱ्या मावशींच्या रुमालावर. मावशी अकरा वर्षं इथल्या हौदावर कापड धुतायत. कामाला आल्या की डोक्याचा रुमाल सोडायचा, नीट घडी घालायची आणि सगळ्यात उंच फळीवर ठेवायचा, ही त्यांची रीत. आकृती घडीच्या आत असायची, त्यामुळे कुणी ती धड पाहिलेलीही नव्हती. मालकांनी वाऱ्यानं उलगडलेला रुमाल एकदा पाहिला, खाली काढला, कागद ठेवून पाच मिनिटांत आकृती उतरवून घेतली आणि रुमाल परत होता तिथे ठेवून दिला. मावशी तेव्हा मागच्या अंगणात हौदात उभ्या होत्या, वीस पावलांवर.

मालक दुष्ट नाहीत हो. मोठ्या आवाजाचे, मोठ्या मनाचे आणि तेवढ्याच मोठ्या नाकाचे. कुणाच्या घरी आजारपण आलं की आधी धावणार. पण "चूक झाली" हे दोन शब्द त्यांच्या तोंडून कधी कुणी ऐकलेले नव्हते. त्यांना वाटलं, मावशींना आधी सांगायचं नाही, एकदम चकित करायचं.

छपाईखान्यात आल्यावर मला छपाईवाल्या दादांच्या हाती दिलं. लांब टेबल, त्यावर जाड घोंगडी, बाजूला निळ्या रंगाची ताटली. दादांनी मला रंगात टेकवलं, कापडावर ठेवलं आणि मुठीवर तळव्यानं एक ठोका हाणला. मला उचललं, तर खाली मी उमटलेलो.

"वा! काय उठाव आलाय!" दादा म्हणाले.

मालकांची लेक ऑर्डरी सांभाळते. सगळे तिला ताई म्हणतात. तिनं फोटो काढून हॉटेलला पाठवला. तिकडून लगेच उत्तर आलं, की डिझाईन फारच सुरेख, विशेषतः ती अर्धी पाकळी. झालं! माझं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. शेजारी एक ठिपक्यांचा म्हातारा ठसा होता, बिचारा चाळीस वर्षं काठाला ठिपके काढत आलेला. त्याच्याकडे मी नाक मुरडून बघायला लागलो.

नमुन्याचं पहिलं पायपुसणं वाळल्यावर मालकांनी ते झोकात घडी करून मावशींना बोलावलं. मावशी कपड्यांना हात पुसत आल्या. साठीला टेकलेल्या, बारीक अंगाच्या, पण हात मात्र गड्याचे. दादांच्या मुठीत मी होतो, त्यामुळे मला त्या अगदी समोर दिसत होत्या.

"मावशी, हे घ्या. पहिलं तुमच्या दाराला. ओळखा बघू, डिझाईन कुणाचं?"

मावशींनी घडी उलगडली. बघत राहिल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "हे कुणी दिलं तुम्हाला?"

"कुणी कशाला द्यायला पाहिजे? तुमचा रुमाल होता ना फळीवर! आता बघा, हॉटेलात दारोदार तुमची आकृती लागणार."

ताईनं टाळ्या वाजवल्या, दादांनीही. मावशींनी ते पायपुसणं दोन्ही हातांवर आडवं धरलं, छातीशी नेलं आणि काही न बोलता मागं वळल्या.

"गहिवरली बघा," मालक म्हणाले.

मलाही तसंच वाटलं. दोन हातांवरून मी त्यांचा चेहरा पाहिला होता, ओठ पांढरे पडलेले पाहिले होते, आणि तरी मला वाटलं की बाई आनंदानं गप्प झाल्या. कौतुकानं मी एवढा आंधळा झालो होतो. माझ्या लाजेची सुरुवात तिथून आहे.

दुसऱ्या दिवशी साठ पायपुसणी धुवायला पडली. छापलेल्या कापडातली खळ आणि सुटा रंग काढावा लागतो. पातळ कापड हातानं धुतात, पण जाड विणीचं पायपुसणं हाताला दाद देत नाही. ते हौदात टाकून पायांनी तुडवायचं. मावशी तुडवताना नेहमी गुणगुणत असायच्या. कुठलं गाणं ते त्यांचं त्यांनाच ठाऊक, पण अंगणाला त्याची सवय झालेली.

त्या सकाळी गुणगुणणं ऐकू आलं नाही. खिडकीतून मी पाहिलं. मावशी हौदाच्या काठावर उभ्या होत्या. एक पाय पाण्याशी नेला, मागं घेतला. पुन्हा नेला, पुन्हा मागं घेतला. मग खाली बसल्या, एकेक पायपुसणं बाहेर काढलं आणि काठावरच्या दगडावर हातानं धुवायला लागल्या, आकृती वरच्या बाजूला ठेवून. दिवस मावळायला आला तेव्हा बारा झाली होती.

मालक बाहेर आले. "काय मावशी, पाय दुखतायत का?"

"नाही."

"मग तुडवा की! बारा झाली दिवसभरात. हॉटेलवाले गाडी पाठवतायत, मी त्यांना काय दाखवू?"

"ही मी तुडवणार नाही, मालक."

"का बरं?"

मावशींनी ओला हात स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "ही आमच्यात इथे असते. पायाखाली नसते."

तेवढ्यावर मालक थांबले असते तर बरं झालं असतं. पण चार माणसं बघत होती आणि नाक मध्ये आलं.

"अहो मावशी, रेघा आहेत त्या! आमच्याकडे कुठल्या आकृतीपुढे कुणी वाकत नाही, आणि आमचं काही अडलेलं नाही. रंग आणि कापड, बस्स. कापडाला काय कळतंय, पाय कुठला आणि डोकं कुठलं?"

"कापडाला नाही कळत," मावशी म्हणाल्या. त्यांचा आवाज जराही चढला नाही. "लाकडानं छापलंय, रंग आहे, मलाही कळतं. सकाळपासून मी मनाची समजूत घालतेय. मन ऐकतंय. पाय ऐकत नाहीत."

"बरं, मग तुम्ही हातानं धुवा. बाकीची आम्ही बघतो," असं म्हणून ते आत आले.

बाकीची बघितली म्हणजे काय केलं, तर दुसऱ्या हौदात दोन गडी उतरवले आणि त्यांनी ती तुडवली, मावशींच्या डोळ्यांदेखत. तीन दिवस हे चाललं. एका हौदावर बाई गुडघे मोडून एकेक आकृती दोन्ही हातांनी धुतेय, आणि शेजारच्या हौदात धपाधप पाय पडतायत. मी काय करत होतो? मी छापत होतो. दादांचा तळवा पडायचा, मी उमटायचो, पुढे सरकायचो, पुन्हा उमटायचो. आता मला सगळं कळलं होतं. रंगात जाताना अंग चोरावं, एखादी तरी पाकळी कच्ची उठू द्यावी, असं वाटायचं. पण काकांचं कोरीव काम चोख होतं. मी प्रत्येक वेळी लख्ख उठलो. तीनशेच्या तीनशे वेळा.

एकशे ऐंशी पायपुसणी गाडीत भरून गेली, आणि दुसऱ्या दिवसापासून मावशी आल्या नाहीत.

चार दिवस गेले. पाचव्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर ताई टेबलाशी आली. मालक मला हातात घेऊन उगाचच उलटसुलट करत बसले होते.

"बाबा, मावशी आल्या नाहीत अजून."

"येतील. रुसल्यात जरा."

"अकरा वर्षांत कधी रुसल्या होत्या?"

मालकांनी मला पुन्हा एकदा उलटं करून पाहिलं.

"बाबा, हॉटेलला आधी आजोबांची वेल हवी होती. तुम्ही काय म्हणालात, मी शेजारीच उभी होते. तुम्ही म्हणालात, बापाच्या हातचं काम लोकांच्या पायाखाली घालणार नाही. तिथे तरी काय होतं? रेघाच ना?"

"ते वेगळं."

"कसं वेगळं?"

मी मालकांच्या मुठीत होतो. तळहाताला घाम सुटलेला मला कळत होता. मग ते उठले, मला एका स्वच्छ फडक्यात गुंडाळलं, पिशवीत घातलं आणि ताईला म्हणाले, "मावशींचं घर तुला माहीत आहे ना? चल."

मावशींच्या दोन खोल्या तिसऱ्या मजल्यावर. दारात पायपुसणं नव्हतं, धुतलेल्या चपला होत्या. मावशींनी दार उघडलं, बघितलं, बाजूला झाल्या. "या," म्हणाल्या. पाणी दिलं. गुडघ्याला पट्टी बांधलेली होती, तिच्याकडे मालकांचं लक्ष गेलं आणि त्यांनी नजर दुसरीकडे नेली. ती गेली कपाटावर. तिथे पांढऱ्या कापडात बांधलेलं काहीतरी होतं आणि कापडाच्या कोपऱ्यातून निळी किनार दिसत होती.

"तुम्ही दिलेलं आहे," मावशी म्हणाल्या. "टाकवेना, वापरवेना. मग वर ठेवलं."

मालकांनी मला फडक्यातून काढून टेबलावर ठेवलं. अवघडलेला माणूस काहीही विचारतो, तसं त्यांनी विचारलं, "मावशी, ही पाचवी पाकळी तुमच्यात अर्धीच असते का?"

"नाही. पाचही पुऱ्या असतात." मावशी माझ्याकडे बघत होत्या. "आई मुलीसाठी भरते. मुलगी घर सोडून निघाली की आई ती तिच्या डोक्यावर बांधते. माझी आई आजारी होती. पडल्या पडल्या भरत होती. चार झाल्या. पाचवी चालू होती. तिथे तिचा हात थांबला."

ताई हळूच म्हणाली, "मग ती पुरी..."

"दुसऱ्याच्या हातानं पुरी करत नाहीत आमच्यात."

मला त्या टेबलावरून गडगडत खाली पडावंसं वाटलं. ज्या पाकळीवरून मी मिरवत होतो, ठिपक्यांच्या म्हाताऱ्यापुढे शेखी मारत होतो, ती एका मरणाऱ्या बाईच्या सुईची शेवटची जागा होती. ती मी एकशे ऐंशी दारांत पसरली. लोकांनी तिच्यावर ओले पाय पुसले आणि 'काय झकास डिझाईन' म्हणाले. मी नुसतं लाकूड आहे, माझ्यात देव नाही आणि कुणाची आईही नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी त्या दिवशी मावशींच्या नजरेखाली पडून राहणं मला छिन्नीपेक्षा जड गेलं.

मालकांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "माझी चूक झाली," ते म्हणाले. ताईनं चमकून वर पाहिलं.

मावशी म्हणाल्या, "तुम्ही वाईट मनानं नाही केलंत, मला ठाऊक आहे. तेच तर अवघड झालं. वाईट मनानं केलं असतंत तर मी भांडले असते."

"मी विचारलं असतं तर?"

"नाही म्हणाले असते. मग तुम्ही केलं असतंत?"

"नसतं केलं."

"मग झालं तर. एवढंच होतं."

एवढंच होतं. फळीपासून हौदापर्यंत वीस पावलं.

"कामावर याल ना, मावशी?" मालकांनी विचारलं.

"लोक तिच्यावर पाय पुसतायत, मालक. ते चालू आहे तोवर मी तिथे हौदाशी कशी उभी राहू?"

"परत आणतो. एकूण एक परत आणतो," मालक म्हणाले. त्यांनी शब्द दिला, आणि मला तेव्हाच धास्ती वाटली. गेलेलं पायपुसणं एकूण एक परत आणणं म्हणजे काय खायचं काम आहे?

पुढचे पंधरा दिवस छपाईखान्यात रात्रंदिवस साधे निळे पट्टे छापले गेले. पट्ट्यांना मी लागत नव्हतो. मग मालक आणि ताई नवी पायपुसणी घेऊन हॉटेलात गेले. तिथे काय झालं ते ताईनं दादांना सांगितलं, म्हणून मला कळलं. व्यवस्थापक बाई म्हणाल्या, "डिझाईन तर छान आहे, लोक विचारतात कुठून आणलं. बदलायचं कशाला?" समोर कारकून, सामान घेऊन आलेले पाहुणे, हमाल. त्या सगळ्यांसमोर मालक म्हणाले, "ही आकृती मी एका बाईंना न विचारता घेतली. ती पायाखाली घालायची नसते. चूक माझी आहे, मला ती परत न्यायची आहेत." कुणीतरी मागं खुदकन हसलं. मालकांनी वळूनही पाहिलं नाही. मग सफाईवाल्यांबरोबर एकेका मजल्यावर, एकेका दाराशी जाऊन त्यांनी स्वतः वाकून पायपुसणी उचलली. कुठे साबणाचा चिकटा, कुठे सिगारेटचा डाग. एका दारात तर त्यावर कुत्रा झोपला होता, म्हणे! तो हलेना आणि मालक त्याची मनधरणी करत बसले. सांगताना ताई हसली.

मोजली तेव्हा एकशे एकसष्ट भरली. एकोणीस कमी. काही पाहुण्यांनी उचलून नेली असतील, काही धुलाईत दुसऱ्या हॉटेलच्या गाठोड्यात गेली असतील. कुणालाच सांगता येईना. मालकांनी धुलाईवाल्यांकडे खेटे घातले, पाहुण्यांना फोन लावले. हाती काही आलं नाही.

दादांनी मालकांना बाजूला घेतलं. मी टेबलावरच होतो. "सगळी आली म्हणा. मावशी काय मोजायला बसणार आहेत? बिचारीच्या जिवाला बरं वाटेल."

मालकांनी मान हलवली, होय की नाही ते कळलं नाही. मला मात्र वाटलं, म्हणावं तसं. खोटं का होईना, बाईला झोप लागेल. आणि खरं सांगू? माझं ओझंही हलकं झालं असतं. मी किती खालच्या पातळीला गेलो होतो बघा.

मावशींना निरोप गेला, त्या आल्या. अंगणात पायपुसण्यांचा ढीग होता, आकृती आतल्या बाजूला घेऊन घडी घातलेली. हॉटेलात न गेलेली एकशे वीस वेगळी रचली होती. मावशींनी ढिगाकडे पाहिलं, मग मालकांकडे.

"सगळी?"

दादा खाली बघायला लागले. मालक पुढे झाले.

"एकोणीस नाही मिळाली, मावशी."

"कुठे आहेत?"

"माहीत नाही. मी शोधलं. माहीत नाही."

मावशी हौदाच्या काठावर बसल्या. रडल्या नाहीत, पण बराच वेळ उठल्याही नाहीत. कुणाला पाणी द्यायचं सुचलं नाही. शेवटी म्हणाल्या, "मग ती तुमच्याकडे राहिली."

"हो," मालक म्हणाले. "माझ्याकडे राहिली."

मग ढिगाचं करायचं काय, हा प्रश्न आला. दादा जाळा म्हणाले, ताई जमिनीत पुरा म्हणाली. मावशी म्हणाल्या, "आमच्यात बाई गेली की तिची लेक रुमालावरचं भरतकाम उसवते. टाका टाका करून. हे छापलेलं आहे, उसवता यायचं नाही. पण पायपुसणं विणलेलं आहे ना? त्याची वीण सोडवा. धागा सुटला की आकृती राहत नाही."

तेव्हापासून रोज दुपारी, जेवणानंतर तासभर, छपाईखान्यातली सगळी माणसं पायपुसणी सोडवत बसतात. जाड वीण, नखं दुखतात. निळा ठिपका लागलेला एकेक धागा निघतो आणि आकृती हळूहळू विस्कटत जाते. आधी देठ जातो, मग गोल, मग पाकळ्या. पहिल्या दिवशी मालकांनी घाईघाईत दोन धागे तोडले, तर मावशी म्हणाल्या, "सावकाश, मालक." तेव्हापासून ते सावकाश करतात. अजून साठ-सत्तर बाकी आहेत.

माझं काय करायचं, हेही विचारलं गेलं. आता मालक सगळं विचारतात. कोरणारे काका रंधा घेऊन आले होते, तोंड सपाट करून देतो म्हणाले. मी मनातून म्हटलं, चालवा रंधा, एकदाचा सुटेन. मावशी म्हणाल्या, "तिच्यावर पोलाद चालवायचं नाही." मग भिंतीकडे तोंड करून ठेवू का, असं दादांनी विचारलं. "नाही. वर तोंड करून ठेवा," मावशी म्हणाल्या. "रंग लावू नका म्हणजे झालं."

असा मी इथे पडलोय, वर बघत. मला उसवता येत नाही, मिटता येत नाही, कूस बदलता येत नाही. मावशी रोज सकाळी रुमाल ठेवायला फडताळाशी येतात. उंच फळी माझ्याच वर आहे, त्यामुळे त्यांचा हात माझ्यावरून जातो. त्या माझ्याकडे बघत नाहीत. रागानं नाही. बघायची गरज नसते त्यांना. त्या वेळी तरी मला मान खाली घालता आली असती तर किती बरं झालं असतं.

मालक आता कुणाच्याही दारात गेले की आधी खाली बघतात. लोकांना वाटतं, माणूस म्हातारपणी नम्र झाला. नम्र कसला! तो शोधतोय.

तर बाबांनो, बायांनो, तुमच्यापुढे मी एवढी लाज सोडून बोललो ती एकाच आशेनं. ती एकोणीस पायपुसणी कुठल्या तरी एकोणीस दारांत आहेत. रंग विटला असेल, ओळखू येणार नाहीत. तुमच्याच दारात एखादं असेल. असलंच, तर घाबरू नका, त्याची पूजा करायची नाही, त्याच्यापुढे वाकायचं नाही. मावशींनी तेवढंही कधी मागितलं नाही. नुसतं हातानं उचला, झटका, आणि पाय लागणार नाही अशा जागी ठेवा. आणि तुमच्या घरात दुसऱ्या कुणाची एखादी गोष्ट आवडीनं आणून ठेवली असेल, तर तिच्या माणसाला एकदा विचारून या. विचारायला लाज वाटते, मला माहीत आहे. नंतरची लाज जास्त असते.

दर सोमवारी कामाला लागण्याआधी मावशी मालकांना विचारतात, "किती?"

"एकोणीस," मालक म्हणतात.

मावशी मान हलवतात आणि हौदाकडे जातात. गुणगुणणं अजून सुरू झालेलं नाही.